साहेबांसाठी शब्द

४ मार्च

यादी आली! मुलं दत्तक देणाऱ्या संस्थेतल्या बाईंनी पाठवली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे रिकामी जागा – तिथे मी पोर्तुगीज भरायचं. पाणी. भूक. दुखतंय. ये. भीती वाटते. आयुष्यभर पंपांच्या आणि झडपांच्या माहितीपुस्तिका भाषांतरित केल्या, त्यात 'भीती वाटते' कधी आलं नव्हतं.

धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, परवा आमची मुलगी येतेय. मुदत वाढवून मिळणार नाही हं."

मला मुदत शिकवतोय!

६ मार्च

आली. सहा वर्षांची. आजीनं वाढवलेली, आता आजीही गेली. कागदावर एवढंच – 'बुजरी. बोलत नाही.' नवीन घर, नवीन माणसं, पोर्तुगीज सोडून भलतीच भाषा. कोण बोलेल?

वहिनीनं दारातच पाठ केलेलं वाक्य म्हटलं. पोरगी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली – एखाद्या साहेबानं रजेचा अर्ज वाचावा तशी. धाकट्यानं तिथल्या तिथे बारसं उरकलं. साहेब!

७ मार्च

यादीत 'मिठी' आहे. मी नेमका प्रतिशब्द सोडून 'कोलु' लिहिलं. कोलु म्हणजे मांडी, आणि उचलून कडेवर घेणंही. शब्दाला शब्द नाही, पण घरात हाच लागणार.

वहिनी समोर बसली, हात पसरले – "कोलु?"

साहेब सरळ चालत आल्या आणि मांडीवर बसल्या! वहिनीच्या डोळ्यांना धारा. मी टेबलाशी जाऊन उगाच पेन्सिली तासत बसले.

११ मार्च

आनंद टिकला नाही. वहिनी स्वयंपाकघरातून हाका मारते, साहेब खिडकीशी ढिम्म. पाठही वळत नाही. समोर जाऊन उभं राहिलं की येते – कधी येते, कधी नाही.

"मनात असलं तर येते, वन्सं. मी तिला नकोय." वहिनीचं तोंड एवढंसं झालंय.

१३ मार्च

माझेच उच्चार चुकत असतील. माझी पोर्तुगीज पुस्तकी, हिच्या गावची निराळी असणार. यादी पुन्हा काढली. काही शब्द बदलले, आणखी साधे केले. मग तिघांची तालीम. धाकट्यानं 'ये' असं काही ओरडून म्हटलं की शेजारचं कुत्रं फाटकाशी आलं.

साहेब नाही आल्या. हसलो आणि पुन्हा तालीम केली.

१६ मार्च

संस्थेतल्या बाई येऊन गेल्या. सोफ्याच्या कडेवर बसल्या, चहाला हात लावला नाही. तीनदा हाक मारायला सांगितली. तिसऱ्या हाकेला वहिनीचा आवाज फाटला.

"ओ देत नाही. मुलीनं घर स्वीकारलेलं दिसत नाही," बाई म्हणाल्या. "तिच्या भाषेच्या मुलांमध्ये ठेवलेलं बरं. शुक्रवारी सांगते."

दार लागलं आणि वहिनी माझ्यावर फिरली – "तुमचे शब्दच चुकीचे आहेत, वन्सं!"

धाकटा म्हणाला, "अगं!" ताटं तशीच उचलली.

खरं असेल तर?

१७ मार्च

यादी पुन्हा तपासली. चूक सापडली नाही. सापडली असती तर बरं झालं असतं.

१८ मार्च

वहिनीनं साहेबांचे कपडे धुवायला टाकले. जाताना स्वच्छ असावेत म्हणून. मशीन सुरू झालं तशा साहेब धावत आल्या, दोन्ही तळवे आणि गाल मशीनला लावून डोळे मिटून उभ्या राहिल्या. आल्यापासून इतकी खूश पाहिली नव्हती. बघता बघता माझ्या हातून पातेलं निसटलं. तिच्या पाठीमागे, फरशीवर! धाकटा साबणासकट न्हाणीघरातून बाहेर. "काय पडलं? कोण पडलं?"

साहेबांची पापणीही हलली नाही.

मी तशीच उभी. घरात शब्दांचा धंदा करणारी मी – मग दोष शब्दांतच शोधणार! दुसरं सुचणार कसं?

धाकट्याला म्हटलं, "अंग पूस. कानाच्या डॉक्टरांकडे जायचंय."

१९ मार्च

डॉक्टरांनी तिच्या मागे उभं राहून घंटा वाजवली. आम्ही तिघं दचकलो. साहेब भिंतीवरचं चित्र बघत होत्या.

बाईंना तिथूनच फोन केला. म्हणाल्या, "शुक्रवार विसरा."

वहिनीला त्यातलं काही ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. तिचा एकच प्रश्न – "म्हणजे ती मला टाळत नव्हती?"

मग उठली, वळसा घालून साहेबांच्या समोर गेली, गुडघ्यांवर बसली आणि हात पसरले. तोंडानं काही म्हणाली नाही.