उंबऱ्यावरची किल्ली

आबा, हे मी एका टाकीच्या झाकणावर बसून लिहून राह्यलोय. लोखंडी झाकण आहे, मोठ्या परातीएवढं. उन्हानं तापलंय म्हणून खाली बारदानाची दुहेरी घडी घातलीय. टोळीतली माणसं तिकडं पत्र्याच्या सावलीत भाकरी खाऊन राह्यलेत. त्यांचं जेवण झालं, हात धुतले, की ती इकडं येतील, आणि मी उठलो तर एकेक करून या भोकातून खाली उतरतील. आतली हवा आज कुणी तपासलेली नाही. हे इथं दोघांनाच नक्की माहीत आहे. एक साहेब, आणि एक तुमचा मुलगा.

मी टाकीवर कसा आलो, असं तुम्ही विचाराल. तुम्ही गेलात तेव्हा मी जालन्याला हमाली करत होतो. नंतर गावात जीव रमेना. कुंभार पिंपळगावच्या बाजारात एक ठेकेदार भेटला, गुजरातेत कारखान्यांमध्ये वायरी ओढायचं काम करायचा, त्याच्याबरोबर निघून आल्तो. भिंतीला भोकं पाडायची, नळीतून वायर ओढायची, टोकाला चिमटा मारायचा. मंग एका कारखान्यात वायर जिथं संपते ते यंत्रच मला दाखवलं आणि म्हणाले, हे पण बघ. नववी नापास माणूस मी. इंग्रजी शब्द अजून पुरता वाचता येत नाही, पण तोंडओळख झालेल्या माणसासारखे शब्द लांबून ओळखतो. या यंत्राला सर्व्हर म्हणतात. तुम्ही गोदामच समजा. थंड खोलीत ठेवलेलं कपाट, त्यात कितीतरी खोल्या, आणि कारखान्यातला जो तो आपल्या टेबलावर बसल्या बसल्या त्या खोल्यांत जातो. कुणी कुठल्या खोलीत जायचं, आत जाऊन नुसतं वाचायचं, का लिहायचं, का पुसायचं, ते मी लावून देतो. प्रत्येक खोलीला दोन दारं असतात, एक बाहेरचं, एक आतलं. दोन्हीकडं परवानगी लागते, आणि जिथं कमी असेल तेवढीच चालते. अजून एक आहे. एखाद्याच्या नावापुढं साफ नकार लावला, तर दहा ठिकाणी त्याला होकार असला तरी नकारच वरचढ. ज्यानं मला हे काम शिकवलं त्यानं हे सांगितलं तेव्हा मला एकदम तुम्ही आठवला होतात. तेव्हा का ते कळलं नव्हतं.

तुमच्या बियाण्याच्या गोदामाच्या किल्ल्या मला अजून दिसतात. कमरेच्या करदोट्याला बांधलेल्या, चालताना न वाजणाऱ्या, कारण तुम्ही त्यात चिंधी गुंडाळायचात. आई मीठ कुणाच्या हातात द्यायची नाही, खाली ठेवायची. तुमचं किल्लीच्या बाबतीत तसंच होतं. मालक येवो नाहीतर मुनीम, तुम्ही किल्ली उंबऱ्यावर ठेवायचात आणि घेणाऱ्यानं वाकून उचलायची. हमाल हसायचे. "मामा, तुमची किल्ली म्हंजी देवाचा अंगारा झाला," म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, "वाकताना माणूस एकडाव इचार करतो. ताठ उभा राहून हात पुढं केला का डोकं चालत न्हाई."

चार नंबरच्या खोलीचा दिवस मात्र मी कुणालाच सांगितलेला नाही. आदल्या दिवशी तुम्ही आणि औषधवाल्यानं मिळून पोत्यांमध्ये किडीच्या गोळ्या ठेवल्या होत्या, ताडपत्र्या ओढल्या होत्या, दाराच्या फटींना कागद चिकटवले होते. लसणासारखा वास अंगणात येत होता. त्या गोळ्यांचा धूर दिसत नाही, तुम्ही मला सांगितलं होतं, म्हणून तर त्याला भ्यायचं. मी हमालांत नवा होतो, मिशी फुटली होती आणि मॅनेजर साहेबांनी आपल्याकडं बघावं असं फार वाटायचं. साहेब आले. फाटकाशी ट्रक उभा. म्हणाले, "मामा, चार नंबर उघडा. जल्दी."

"साहेब, कालच गोळ्या टाकल्यात. अजून उघडायची न्हाई."

"तोंडाला रुमाल बांधून पोरं पाच मिनिटांत काढतील माल."

तुम्ही करदोट्याची गाठ सोडली, किल्ली उंबऱ्यावर ठेवली आणि बाजूला झालात. "मी उघडणार न्हाई. ज्याला उघडायचंय त्यानं उचलावी." साहेब हसले, पण वाकले नाहीत. सगळे हमाल खाली बघत होते. मंग मी पुढं झालो. मी वाकलो, बोटं किल्लीला लागणार तेवढ्यात तुमचा पाय तिच्यावर आला. रोज सकाळी ज्या किल्लीला हात लावून तुम्ही कपाळाला लावायचात, तिच्यावर वहाणेसकट पाय. मला म्हणालात, सगळ्यांसमोर, "किल्ली दिसली का उचलायची नसती, गाढवा. आधी इचारायचं, आत काय हाय."

ट्रक रिकामा गेला. तुमच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या आणि तुम्हाला फाटकावर राखणीला उन्हात उभं केलं. मी कितीतरी दिवस तुमच्याशी बोललो नाही. मुदत भरल्यावर नव्या माणसानं चार नंबर उघडलं, तेव्हा उंबऱ्याच्या आत मांजर मरून पडलेली होती. झरोका लिंपायच्या आधी शिरली असणार. दाराच्या आतल्या अंगाला तिच्या नखांचे ओरखडे, एकावर एक, लाकूड पांढरं पडेपर्यंत. तुम्ही ते बघायला आला नाहीत. मी बघितलं आणि तुम्हाला सांगितलंही नाही.

आता या टाकीचं ऐका. हिच्या तळाशी कारखान्याचा गाळ बसतो आणि तो काढायला माणसंच उतरतात. उतरायच्या आधी लॅबवाला नळी सोडून हवा तपासतो आणि आकडा सर्व्हरवरच्या टाकीच्या खोलीत लिहितो. तिथं लिहायचा हक्क त्याला एकट्याला आहे. बाकी सगळे वाचणारे. सुपरवायजर आकडा वाचतो आणि बोल्ट सैल करायला सांगतो. गाळ काढणारी टोळी आपल्याकडची आहे, भोकरदन तालुक्यातली, हसनाबादच्या अंगाची. म्होरक्या काका तुमच्याच वयाचे असतील, म्हणजे तुम्ही असता तर. मी त्यांच्यात बसून फुशारकी मारलेली आहे आबा, की त्या खोल्यांची दारं माझ्याबिगर कुणाला उघडत नाहीत.

आज सकाळी लॅबवाला आलाच नाही, त्याच्या घरी लग्न आहे. कारखाना साफसफाईसाठी बंद. मोठे साहेब माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राह्यले. म्हणाले, टाकीच्या खोलीत मला लिहायची परवानगी दे. मी विचारलं, साहेब, हवा कुणी बघितली? ते म्हणाले, "मागच्या वेळचा आकडा आहे ना? टंकी वही है, हवा भी वही है."

मी तुमच्यासारखं केलं. मला वाटलं, तुमच्यासारखंच करतोय. मी खुर्चीवरून उठलो, मागं सरकलो आणि म्हणालो, "मी दार उघडून देणार नाही. ही खुर्ची. ज्याला उघडायचंय त्यानं उघडावं." छाती भरून आली होती. वाटलं, आता हे ओशाळतील, निघून जातील. साहेब बसले. मला म्हणाले, "थँक यू." पडद्यावर माझ्या नावानं सगळं उघडंच होतं. त्यांनी आपल्या नावापुढं खूण केली, टाकीच्या खोलीत शिरले, जुना आकडा नवा करून लिहिला आणि चहा प्यायला गेले. वाकावं लागलंच नाही त्यांना. इथली किल्ली बसूनच उचलतात.

ते गेल्यावर मी त्यांच्या नावापुढं नकार लावला. तो आकडाही पुसला. पण सुपरवायजरनं तोवर तो वाचला होता. वाचलेलं कुठून पुसणार? पळत टोळीकडं गेलो. काका डबा सोडत होते.

"या इंजिनेर. काय म्हणतोय तुमचा कंप्युटर?"

"काका, आज उतरू नका."

"अरं, आताच तर सुपरवायजर सांगून गेला, कंप्युटरनं हो म्हणलंय."

"ते मी लिहिलेलं न्हाई. लॅबवाल्यानं बी न्हाई."

"मंग कुणी? तुझ्याबिगर दार उघडत न्हाई म्हणत होतास न्हवं?"

बाकीचे हसले. एकजण म्हणाला, "इंजिनेरला बायकू पाह्यजे, डोकं फिरून राह्यलं त्याचं." काका हसले नाहीत. भाकरी मोडत म्हणाले, "हे बघ पोरा, आम्हाला वाचता येत न्हाई. इथं आपला माणूस बसलाय म्हणून आम्ही बिनघोर उतरतो. तूच असं बोलायला लागलास त आम्ही कुणाला इचारावं? अन् आम्ही न्हाई उतरलो त ठेकेदार दुपारून दुसरी टोळी आणील. ती बी कुणाची तरी लेकरंच."

मला तिथं उभ्या उभ्या तुमचा पाय आठवला. इतकी वर्षं मी फक्त किल्ली ठेवलेली आठवत होतो. सगळ्यांना तेच सांगायचो, आमचे आबा साहेबाला वाकायला लावायचे. किल्ली खाली ठेवणं हे अर्धंच होतं. मंग मी शिडीनं वर आलो आणि झाकणावर बसलो. सुपरवायजर दोनदा ओरडून गेला, आता साहेबांना आणायला गेलाय. बोल्ट सैल केलेत, त्यामुळं कडेनं सडक्या अंड्यासारखा वास येत होता. आता येत नाही. लॅबवाला म्हणायचा, वास यायचा थांबला म्हणजे गॅसनं नाकच मारलं, तेव्हा जास्त भ्यावं. डोळे चुरचुरतात. मी वाऱ्याकडं तोंड करून बसलोय.

काका हात धुऊन राह्यलेत. खालून मघाचा तो बायकू पाह्यजे म्हणणारा ओरडतोय, "अरं इंजिनेर, अंडी उबवायला बसलास का?" आणि तिकडून साहेब येताना दिसतात, सोबत फाटकावरचे दोघं राखणदार. घाई नाही त्यांना. हा कागद मी घडी घालून बारदानाखाली ठेवतो, तुमच्यापर्यंत नाहीतरी कुठून जाणार. आबा, माझे पाय कापून राह्यलेत, मांड्यांपासून. त्या दिवशी किल्लीवर ठेवलेला तुमचा पाय कापत होता का, एवढं कळलं असतं तर बसायला सोपं गेलं असतं. मी बघितलंच नाही. मी तेव्हा साहेबांच्या तोंडाकडं बघत होतो, ते माझ्यावर खूश झालेत का म्हणून.