आठवी पायरी

प्रिय धाकट्या,

हॉटेलच्या पन्नाशीचं निमंत्रण मिळालं, सोबत दर्शनी भिंतीवर लावायच्या इतिहासाचा कागदही. शुद्धलेखन तपासून दे म्हणालास. जन्मभर शाळेत लाल पेन चालवलेल्या बहिणीला दुसरं काय काम सांगणार! तपासलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तीनच निघाल्या. बाकीच्या चुकांना समासात जागा पुरेना, म्हणून हे पत्र.

बाबांनी एकट्याने हॉटेल उभं केलं, असं लिहिलंयस. तुला झोळीत टांगून आई विटा भिजवायची आणि शाळा सुटली की मी वाळू चाळायचे, हे त्या एकट्यात धरलं असशील. बाबांचं कुणाशी कधी पटलंय? सात पायऱ्या झाल्या आणि गवंड्याशी वाजलं. तो थापी उचलून चालता झाला. पहिला पाहुणा, एक औषधविक्रेता, यायला आठवडाच उरलेला. बाबा हट्टाला पेटले. स्वतः माल कालवायला लागले आणि आठव्या पायरीच्या विटा लावायला मला बसवलं. मी बारा वर्षांची. मापाची काठी गवंड्याबरोबर गेलेली, म्हणून वीत धरली, आणि कमी पडायला नको म्हणून वर दोन बोटं. बाबांनी न बघताच गिलावा ओढला. वरच्या पायऱ्या दुसऱ्या गवंड्याने दोन दिवसांत उरकल्या.

तुझ्या कागदात पुढे ‘आमची अगत्याची परंपरा’ आहे. किल्ली देताना प्रत्येकाला सांगायचं, आठवी पायरी उंच आहे, जपून चढा. तू ते बोबडं बोलायचास तेव्हा पाहुणे कौतुकाने तुझा गालगुच्चा घ्यायचे. तुझ्याआधीपासून ते वाक्य माझं होतं. शाळेतून, पुढे कॉलेजातून आले की बाबा मला काउंटरवर उभं करायचे आणि प्रत्येक किल्लीबरोबर ते म्हणायला लावायचे. पुटपुटले तर पुन्हा, मोठ्याने. लग्न होऊन जाईपर्यंत, दहा वर्षं. अगत्य कसलं रे, शिक्षा होती ती माझी. ती पायरी एका दिवसात फोडून नीट करता आली असती. त्यांनी मुद्दाम ठेवली, आणि आता तू तिला पितळी पट्टी ठोकणार आहेस.

आणि आई जन्मापासून लंगडत नव्हती. तुला तसं सांगितलं गेलं आणि मीही तोंड उघडलं नाही. पाहुणा यायच्या दिवशी ती दोन गाद्या छातीशी धरून वर निघाली होती. गाद्यांमुळे पायाखालचं दिसत नव्हतं. आठव्या पायरीला ठेचकाळली आणि गाद्यांसकट खाली आली. कमरेचं हाड पुन्हा नीट जुळलं नाही. पाहुण्याची खोली मात्र वेळेवर तयार झाली. बाबांनी ती कशी केली, ते विचारू नकोस.

फीत कापायला मी येणार नाही. भिंतीवर माझं नावही नको. पट्टीवाल्याऐवजी गवंडी बोलाव आणि ती पायरी फोड, एवढंच मागून पत्र संपवणार होते. पण एक चूक तपासायची राहिलीच. पायरी उंच झालीय हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं. माझाच अंगठा तिच्यावर आपटून नख निघालं होतं. बाबा ओरडतील म्हणून फडकं बांधलं आणि गप्प बसले. आई गाद्या घेऊन निघाली तेव्हा मी जिन्याखालीच उभी होते. पुढे हजारो अनोळखी माणसांना सांगितलं ते वाक्य. तिला सांगितलं नाही.

हे वाचूनही म्हणू देशील तर, तुझीच,
ताई