सुबाभळीचा खोडवा

३ फेब्रुवारी २०२५

मशीन आलं नाही! सकाळी आठची वेळ दिली होती, साडेअकरापर्यंत बांधावर उभा होतो. निपाणीच्या बस डेपोत एकतीस वर्षं कंट्रोलर म्हणून काढली, कुणी उशीर केला की अजून डोकं फिरतं. कारखान्याच्या माणसाला फोन लावला. म्हणतो, "आप्पा, उद्या नक्की. लाकूड कुठं पळून चाललंय?"

पळून जात नाही, खरं आहे. चार वर्षं अडीच एकर सुबाभूळ एका जागी उभी आहे. आता ती कापायची, मशीनमध्ये घालून बारीक तुकडे करायचे, आणि ते कारखान्याच्या बॉयलरला जाणार. त्यावर वीज तयार होते. बुंध्यातून झाड पुन्हा फुटतं – उसाचा खोडवा फुटतो तसं. ना भांगलण-खुरपण, ना मजुरांच्या मिनतवाऱ्या. याच्यासाठीच तर लावली.

सव्वासातला मंगलचा फोन. बायको लेकाकडं गेल्यापासून रोज याच वेळेला येतो. "जेवलासा?" "व्हय." "काय केलतासा?" "पिठलं." संपलं.

४ फेब्रुवारी

आलं. दुपारी दोनला! पण आलं.

६ फेब्रुवारी

तोडायला मष्णूची टोळी आहे. मूळचे ऊसतोडवाले. मी पहिल्याच दिवशी बजावलं – जमिनीपासून वीतभर ठेवून कापायचं, बुंधा चिरता कामा नये. मष्णू हसला. "आप्पा, जल्म ग्येला आमचा तोडण्यात."

काम बरं करतात. मी बांधावर बसून असतो. बसायची गरज नाही, तरी बसतो. बायका तिकडेच चूल मांडतात. आज एकजण मीठ मागायला आली. मी मीठ दिलं, लोणचं दिलं, कांदे दिले. आणखी काय पाहिजे विचारलं. ती बिचारी बावचळून गेली.

अर्धं रान मोकळं झालं. चार वर्षांनी दारातून हायवे दिसला. कोगनोळीच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागलेली. उगाच बघत उभा राहिलो.

१० फेब्रुवारी

काय लिहू!

औषधाच्या गोळ्या आणायला निपाणीला गेलो होतो. परत येतो तर रानात धूर! उरलेला पाला, फांद्या सगळ्या रानभर पसरून मष्णूनं पेटवून दिलेल्या. ऊस तुटला की पाचट पेटवतात, तसं. वर मलाच सांगतो, "खोडवा जोरात येतोय बघा आप्पा. तुमी नव्हतासा, म्हटलं जाताजाता काम करून द्यावं."

"अरे हा ऊस आहे का!" म्हणून ओरडलो. ओरडताना आवाज फाटला. उसाला जमिनीखालून कोंब येतो. इथं बुंध्याची सालच भाजली तर फुटणार कुठून? मष्णूचं तोंड एवढंसं झालं. वाईट केलं नाही त्यानं, फुकटात मदत केली. तेच तर!

संध्याकाळपर्यंत टोळी गेली. काळे बुंधे आणि मी.

११ फेब्रुवारी

नागेंद्रचा फोन. आईकडून कळलं असणार. "आप्पा, आता सोडा की त्ये. एकटं कशाला ऱ्हातासा? रान कुणाला तरी कसायला द्या आन् हिकडं अनगोळला या. वरची खोली रिकामीच हाय."

मी म्हटलं, पाडव्यापर्यंत बघतो. फुटली तर मी इथंच. नाही फुटली तर येतो. शब्द दिला खरा. पण त्या वरच्या खोलीत मी काय करणार? मला तिकडं जायचं नाही. मंगल इकडं यायला पाहिजे. दोन महिन्यांसाठी म्हणून नातीला सांभाळायला गेली, त्याला दीड वर्ष झालं. नात आता शाळेत जाते. तरी "बघू, बघू" चाललंय.

१५ फेब्रुवारी

बुंध्यांना पाणी पाजलं.

१९ फेब्रुवारी

पाणी. काही नाही.

२४ फेब्रुवारी

आज दिवसभर कुणाशीच बोललो नाही. दूधवाला आला तेव्हा मी विहिरीवर होतो. पातेलं भरून ठेवून गेला. थांबला असता दोन मिनिटं तर काय झालं असतं?

२ मार्च

मंगलला विचारलं, पाडव्याला येतेस का? "बघू." तिच्याकडं टीव्ही चालू होता. इकडून काय ऐकू येणार तिला, घर सगळं सामसूम!

पूर्वी या रानात मिरची होती. सोनुबाई आणि तिच्याबरोबर सात बायका यायच्या. काय तो कलकलाट! मंगल घरातलं काम टाकून त्यांच्यातच जाऊन बसायची. मी घड्याळ घेऊन बांधावर. दहा मिनिटं उशीर झाला की तोंड सोडायचो. शेवटी एक दिवस सोनुबाई खुरपं उचलून म्हणाली, "आप्पा, आमी काय तुमच्या डेपोतल्या ड्रायव्हर न्हवं." आणि सगळ्या गेल्या. त्याच महिन्यात सुबाभळीची रोपं आणली. झाडं उशीर करत नाहीत, असं मी मंगलला ऐटीत सांगितलेलं आठवतं. ती उठून आत गेली होती.

९ मार्च

नखानं साल खरवडून बघितली. आत हिरवं आहे का? वाटतं आहे. डोळ्यांचा भरवसा नाही.

१७ मार्च

फुटली!!

विहिरीकडच्या तिसऱ्या ओळीत. काळ्या सालीतून पोपटी टोक, तांदळाच्या दाण्याएवढं. गुडघ्यावर बसून मोजत गेलो. अकरा बुंधे. पुन्हा मोजले – तेरा! माती झटकून उठलो आणि सांगायला वळलो, तर कोणी नाही. एवढी मोठी बातमी आणि सांगायला माणूस नाही! मंगल दुपारी झोपते, फोन उचलत नाही. चहा केला. अर्धा ओतून टाकला.

२२ मार्च

सगळीकडं फुटलीय. दहातले आठ बुंधे तरी जिवंत आहेत. जिंकलो.

आज सोनुबाई वैरणीचा भारा घेऊन बांधावरून चालली होती. चार वर्षांत तिच्याशी शब्द नाही. पण राहवेना. हाक मारली, म्हटलं, ये, बघ तरी. तिनं भारा उतरवला. कोंबांवरून बोट फिरवलं. "लई ब्येस झालं आप्पा. आता आनी चार वर्सं तुमास्नी कुनाची कटकट न्हाय."

टोमणा नव्हता. मनापासून बोलली. म्हणूनच जास्त लागलं.

जाताना म्हणाली, "आक्का कवा येनार? जायच्या आदी रोज आमच्या आळीत येऊन बसायची. म्हनायची, आप्पा सारखं बांधावर आन् मागं नुसती झाडं, घरात बसवंना झालंय. रडलती एकदा."

मंगल रडली? मला कधी सांगितलं नाही. की सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही? नातीसाठी गेली असंच मी दीड वर्ष धरून बसलोय. भारा मी उचलून तिच्या डोक्यावर दिला. दुसरं काय करणार होतो?

२३ मार्च

मंगलला फोन केला. मी केला, सव्वासातच्या आधी. "फुटली," म्हटलं. "बरं झालं," म्हणाली. आवाज असा, जणू दुसऱ्याच कुणाच्या शेतातली बातमी.

२४ मार्च

दिवसभर रानात फिरलो. कोंब बोटभर झालेत. सुंदर दिसतात, खोटं कशाला बोलू. पुढची चार वर्षं त्यांना माझी गरज नाही. कुणाचीच नाही.

मला आहे. लिहायला लाज वाटते, पण आहे.

२५ मार्च

सोनुबाईच्या दारात जाऊन उभा राहिलो. चुकलं म्हटलं. तिनं आधी पाणी दिलं, मग शेजारणीला हाका मारल्या.

२८ मार्च

जेसीबी लावून सगळे बुंधे उपटले, कोंबांसकट. पावसाळ्याला संकेश्वरी मिरची लावणार. नागेंद्र म्हणाला, "आप्पा, डोकं फिरलंय काय तुमचं?" मग फोन मंगलनं घेतला. "बायका कोन कोन येनार हाईत?" म्हटलं, सोनुबाई. आणि मंजुळा म्हणून आहे ती. पुढं नावच सांगता येईना – एवढी वर्षं राबल्या, मला दोनच नावं माहीत! तिनं तिकडचा टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पाडव्याला आलो की मी सांगतो एकेकीचं."