समोरच्याने मांडलेल्या बाटल्या

अहमदनगर,
१८ सप्टेंबर १९७२

प्रिय यज्ञेश्वर,

येत्या रविवारी जिमखान्याच्या सर्वसाधारण सभेत मी माझ्याच मागल्या भाषणाविरुद्ध मत देणार आहे. सभासद हसतील, आणि तो त्यांचा अधिकार आहे. तू स्पर्धेचा चिटणीस आहेस. तेव्हा ही गोष्ट तुला सभेत कळण्यापूर्वी माझ्याकडून कळावी, आणि तिचे कारण तर केवळ तुलाच कळावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

गेल्या सभेत चर्चा होऊन मतदानासाठी रविवारवर राहिलेले ठराव दोनच आहेत. पहिला तुझा: बोलिंगच्या ढालीसाठी खेळणाऱ्या स्त्रियांना प्रत्येक डावात वीस गुणांची सूट द्यावी, म्हणजे आणखी स्त्रिया नाव घालतील. दुसरा गोरक्ष भोरांचा: गोळ्याने पडलेल्या लाकडी बाटल्या प्रतिस्पर्ध्याने उभ्या करण्याची जुनी रीत मोडून ते काम जिमखान्याच्या नोकराकडे सोपवावे. पहिल्याला मी मागेही विरोध केला, रविवारीही करीन. दुसऱ्याला मात्र मी जो विरोध केला तो आठवला की मला माझ्याच वक्तृत्वाची शिसारी येते. अर्धा तास बोलले मी! ज्या परदेशी इंजिनिअरने छत्तीस साली ही लाकडी पट्टी घातली आणि ढाल ठेवली, त्याने ज्याला हरवायचे त्याच्या दहा बाटल्या आपल्याच हाताने मांडायचा नियम केला, हीच या स्पर्धेची प्रतिष्ठा आहे, असे मी म्हटले. पंच नको, पहारा नको. समोरच्याचा हात हाच पुरावा. टाळ्यासुद्धा पडल्या. तू वाजवल्या नाहीस, समोरच्या कागदांवर पेपरवेट फिरवत बसलास. मला वाटले, चिटणीस म्हणून तटस्थ राहतो आहेस.

भोर तेवढे हटले नाहीत. पारनेरकडचा गडी, रस्त्यांची कंत्राटे घेणारा, सभेत कोट घालून येतो आणि बोलताना तो काढून ठेवतो. म्हणाले, "बाई, तुमचं समदं खरं हाय. पन माझी कंबर वाकत न्हाई. आन् वीस बाटल्या फुकट मिळत्यात तर घ्या की, आमाला कोन देतंय?" सभा खो खो हसली. मी त्यांना उत्तर दिले की फुकट घेतलेल्या गोष्टीची सवय कंत्राटदारांना असते, शिक्षकांना नसते. ते उत्तर मला फार चांगले वाटले होते. भोर हसत खाली बसले आणि शेजाऱ्याला म्हणाले की ही बाई कोर्टात असती तर वकिलांना गाशा गुंडाळावा लागला असता.

सभा सुटल्यावर आपण दोघे किल्ल्याच्या बाजूने चालत निघालो. मी अजून तापलेलीच होते. मी म्हणत होते की गेल्या वर्षी अंतिम सामन्यात मी तुला एका गुणाचीही सूट न घेता हरवले, विजेत्यांच्या फळ्यावर सोनेरी अक्षरांत माझे नाव लागले, मग आज तूच मला वीस गुणांची भीक का घालतोस? तेव्हा तू थांबलास. तुझ्या चेहऱ्यावर जे होते त्याला मी त्या क्षणी लाज समजले. आता कळते की तो जिव्हाळा होता, आणि त्यामुळेच तो मला अधिक सलतो. तू म्हणालास, "सरोज, इतकी भांडू नकोस. तुझ्या बाटल्यांची मागची रांग मी नेहमीच बोटभर पुढे मांडत आलोय. हरलीस की तुला दोन दिवस जेवण जात नाही, ते मला बघवत नाही."

आणि तू हसलास. एखाद्याने लपवून ठेवलेली भेटवस्तू अखेर हातात द्यावी, तसा.

पुढे माळीवाड्यापर्यंत तू पाऊस न झाल्याबद्दल बोलत होतास. दुसऱ्या दिवशी कॉलेजचे तास संपवून मी एकटी जिमखान्यात गेले. जिमखान्याचा नोकर कानिफनाथ पट्टीला मेण लावत होता. त्याला चहा पिऊन यायला सांगितले आणि पट्टीच्या त्या टोकाला जाऊन बाटल्या आधी पट्टीवर आखलेल्या खुणांवर मांडल्या, मग तुझ्यासारख्या. गोळा टाकायचा, जायचे, मांडायचे, परत यायचे. संख्याशास्त्राची पदवी घेतलेल्या बाईने आणखी काय करावे? आकडे तुला सांगत नाही. एवढेच सांगते की तुझ्या मांडणीत माझा चुकलेला गोळासुद्धा दहाही बाटल्या लोळवत होता, आणि खुणांवरच्या मांडणीत तोच गोळा कडेच्या दोन उभ्या ठेवून जात होता. मला तो आवाज ओळखीचा होता, यज्ञेश्वर. दर शनिवारी तुझ्याबरोबरच्या सरावात मी तो ऐकत होते आणि त्याला माझे कौशल्य समजत होते.

त्याच स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात भोरांनी मांडलेल्या बाटल्या मी पाडल्या, हे खरे आहे. कुरकुरत, कमरेवर हात ठेवून, पण खुणेवर मांडल्या त्यांनी. इतक्या काटेकोर की मला दोनदा रडू फुटायचे राहिले. तो सामना माझा आहे. पण फळ्यावर उपांत्य सामन्याचे नाव लागत नाही.

तू विचारशील की माझ्यासारख्या बाईला, जी विद्यार्थ्याच्या वहीतला दशांशचिन्हाचा ठिपका शोधून काढते, हे इतके दिवस दिसले कसे नाही. मीही हाच प्रश्न स्वतःला विचारला. तू बाह्या दुमडून पट्टीच्या टोकाला वाकायचास तेव्हा मी बाटल्यांकडे पाहत नसे. याहून अधिक स्पष्ट मी लिहिणार नाही.

फळ्यावरचे नाव खोडायची विनंती मी करणार नाही. तिला कारण द्यावे लागेल, आणि त्या कारणात तुझे नाव येईल. जिल्हा न्यायालयात अशिलांच्या वतीने उभा राहणारा माणूस जिमखान्यात बाटल्या सरकवतो, ही गोष्ट या गावाला चघळायला वर्षभर पुरेल. तेव्हा ती सोनेरी अक्षरे राहतील आणि दर वर्षी मी त्यांच्या खालून जाईन. रविवारी मी एवढेच म्हणेन की समोरच्याच्या हातावर विसंबण्याइतके आपण मोठे नाही. बाटल्या तिऱ्हाइताने मांडाव्यात. भोरांना आनंद होईल. ते काहीतरी बोलतीलही, आणि मला ते ऐकून घ्यावे लागेल.

बाटल्या मुद्दाम लांब मांडून तू मला हरवले असतेस, तर मी तुझ्याशी भांडले असते, समितीकडे तक्रार केली असती, आणि कदाचित पुढल्या महिन्यात माफही केले असते. फसवणाऱ्याला निदान समोरच्याची धास्ती असते. तुला माझी कधीच धास्ती वाटली नाही. तुला माझी काळजी वाटली, आणि ती काळजी तू मला न विचारता माझ्या पायाखाली पसरलीस. वीस गुणांचा ठराव तरी उघड आहे. त्याला मी सभेत उभी राहून नाही म्हणू शकते.

गेल्या गुरुवारी तुझी आई आमच्याकडे येऊन गेली. नानांशी आणि आईशी बोलली, पत्रिका मागितली नाही, तिथीचेही बोलून गेली. नानांनी माझे उत्तर विचारले तेव्हा मी चार दिवस मागून घेतले; ते आज संपतात, आणि हे पत्र त्या उत्तरासाठीच आहे. माझे उत्तर नाही असे आहे. तुला हे ठाऊक असावे की वर्षभर माझ्याजवळ होकार तयार होता. तू विचारण्याचीच मी वाट पाहत होते, आणि विचारायला तू आईला पाठवलेस. तुझ्या घरात मला काही कमी पडले नसते. माझी भाजी खारट झाली तर तू मुकाट्याने खाल्ली असतीस, माझा निबंध फसला तर कोणाला तरी भेटून तो छापवून आणला असतास, आणि मी कशी आहे हे मला मरेपर्यंत कळले नसते. नानांना मी आज संध्याकाळी सांगेन. तुझ्या आईला उद्या स्वतः येऊन सांगेन, तो निरोप मी दुसऱ्या कोणाच्या हाती देणार नाही. कारण काय, असे त्या विचारतील. तेव्हा मी तुझ्याकडे पाहीन, आणि सांगायचे की नाही ते तू ठरव.

तुझी प्रतिस्पर्धी,
सरोजिनी