न्हाणीतल्या निळ्या लाद्या

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी भांडायला हरकत नाही. तुम्ही होतात तेव्हा भांडण म्हणजे तुम्ही बोलायचं आणि मी अंगठ्याने जमीन उकरायची. विषय जुनाच आहे, त्या लाद्यांचा. ऐंशीनंतरची दोनचार वर्षं असतील. मिठबावचं आपलं घर नुकतं उभं राहिलं होतं, आणि खाडीपलीकडचा तुमचा शाळासोबती, जहाजावरचा खलाशी, ज्याला मी चाचा म्हणायचो, तो इराणच्या कुठल्याशा बंदरातून तुमच्यासाठी सहा लाद्या घेऊन आला होता. लुंगीत गुंडाळून, अंड्यांसारख्या जपत. पांढऱ्या चिनी मातीवर गर्द निळा, मध्येच मोरपिशी, डाळिंबाच्या फुलांचा वेल, आणि त्या वेलातूनच फुटल्यासारखी अरबी अक्षरांची एक ओळ. एका पाकळीवर रंगवणाऱ्याचा हात हललेला स्पष्ट दिसायचा. "दारात लाव रे मेल्या," चाचा म्हणाला, "येतेजाते बघतले."

तुम्ही त्या न्हाणीत लावल्यात. पाय धुवायच्या जागी, मोरीच्या लगत. आईने विचारलं, "अवो, तेना दारात सांगल्यान ना?" तुम्ही म्हणालात, "दारात? कचेरीतले लोक काय म्हणतले? मशिदीत इल्यासारखा वाटतला तेंका." "मगे न्हाणयेत चलता?" "न्हाणयेत काय झाला? वेलबुट्टी तर आसा!" म्हणजे दारात ज्या लाद्या मुसलमान होत्या, त्या उंबरा ओलांडून न्हाणीत पोचेपर्यंत नुसत्या फुलापानांच्या झाल्या. इतकं झटपट धर्मांतर मी पुढे कुठे पाहिलं नाही, आणि मी तर उभा जन्म वर्तमानपत्रात लोकांची सोंगं लिहिण्यात घालवला.

पुढच्या मे महिन्यात चाचा जहाजावरून परत येतो. पाय वाळूने भरलेले. दाराच्या दोन्ही बाजूंना एकदा बघतो. मग हसून म्हणतो, "घर बरां बांधलंस रे. पाय खंय धुवू?" आई माझ्याकडे बघते, मी तुमच्याकडे. तुम्ही बोट दाखवता. मामलेदार कचेरीतले अव्वल कारकून तुम्ही, गावाला बोट दाखवायची सवय होतीच. आत तांब्या बुडाल्याचा आवाज येतो, पाणी पडल्याचा येत नाही. चाचा बाहेर आला तेव्हा त्याच्या पायांवरची वाळू तशीच होती. "च्या नको वैनी, होडी सुटतली," इतकंच म्हणाला. होडीला अजून तासभर अवकाश होता.

आईने तुमच्यामागे लकडा लावला. "जावन एक शब्द बोला. चुकला म्हणा. आणि काढा त्यो थंयसून." तुम्ही म्हणालात, "काढल्यो तर कबूल केल्यासारखा होता." म्हणून काढल्या नाहीत. त्यांच्यावर गोणपाट टांगलंत. बाबा, तुमच्या त्या न उच्चारलेल्या शब्दाला पुढे कितीतरी वर्षं शेवाळाचा वास येत राहिला. आई विहिरीवर आंघोळ करू लागली, पावसाळ्यातसुद्धा. चाचा गेल्याचा निरोप आला तेव्हा कचेरीत काम आहे म्हणून तुम्ही मातीला गेला नाहीत. रविवार होता.

गेल्या वर्षी न्हाणी पाडायला काढली. गवंड्याने चार लाद्या अखंड सोडवून दिल्या. त्या घेऊन मी खाडीपलीकडे गेलो. चाचाच्या मुलाचं बाजारात जाळ्यांचं दुकान आहे. जाताना होडीत वाक्य पाठ करत होतो: आमच्या वडिलांचं चुकलं. त्याने सदऱ्याच्या बाहीने एक लादी पुसली, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि खूश होऊन म्हणाला, "ह्योच त्यो? आमचो बापूस मरापर्यंत सांगी, माझ्या दोस्तान दारात लावल्यान, येतोजातो बघता म्हणान. खरां?"

तुमची अब्रू चाचाने आपल्या घरात अशी जपली होती. आपल्या घरात तुम्ही गोणपाट टांगलं होतंत.

मी म्हणालो, "होय, दारातच."

हे पत्र मुळात चाचाच्या मुलाला, खरं काय ते कळवायला लिहायला घेतलं होतं. कागदावर 'बाबा' उमटलं, कारण तुम्ही वाचणार नाही याची खात्री होती.