शकूसाठी चाकांवरचं घर

३ नोव्हेंबर, सोमवार
ठरलं. जुनी मोटरहोम घ्यायची. छोटी, दोघांपुरती. मागे पलंग, गॅसची शेगडी, बेसिन आणि आतच संडास. गावच्या जमिनीचे पैसे बँकेत नुसते पडून आहेत. शकूला हर्णैला न्यायचं. तिची बहीण इंदुताई लग्नापासून तिथे आहे आणि शकूने अजून समुद्र पाहिलेला नाही. संक्रांतीनंतर तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, मग बरेच महिने घरात. म्हणजे त्याआधीच.
शकू म्हणाली, दापोलीपर्यंत एसटी जाते, बायकांना अर्धं तिकीट. मी म्हणालो, एवढा वेळ एसटीत तुझे हाल होतील, वाटेत बाथरूमची सोय नसते. ती म्हणाली, 'मला कुठं सारखी लागती?'
हा विषय मी वाढवला नाही.

५ नोव्हेंबर
मोबाईलवर 'जुनी मोटरहोम घेताना काय पाहाल' याचे व्हिडिओ पाहिले. छत गळतं का. खालून गंज आहे का. आरसीत गाडी काय म्हणून नोंदली आहे. चढाला दम लागतो का. पलंगावर स्वतः झोपून बघा. सातवी शिकलेल्यालाही समजतं. उलट जास्त शिकलेला माणूस फसतो, तो नुसता रंग बघतो.
शिवाय माझा पाया पक्का आहे. चाकणच्या कंपनीत फोर्कलिफ्ट चालवण्यात आयुष्य गेलं. एकही अपघात नाही. खांबाचा धरत नाही. तो खांबच चुकीच्या जागी होता.
उद्धवराव आमच्या खात्यात सुपरवायझर होते, आता सकाळी फिरायला भेटतात. त्यांना बेत सांगितला. म्हणाले, 'बन्सीभाऊ, फोर्कलिफ्ट कधी गेटच्या बाहेर नेली होती का राव?' माणसाला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
काळेवाडीहून दोन बस बदलून चाकणला. तिथे विक्कीचं जुन्या गाड्यांचं आवार आहे. मुलगा गोड बोलतो, म्हणून सावध राहिलो.
पहिली गाडी पूर्वी ॲम्ब्युलन्स होती. आरसीत अजूनही ॲम्ब्युलन्सच. विक्की म्हणाला, 'फायदाच आहे काका, ट्रॅफिकमध्ये लोक वाट देतात.' शकू पलंगावर आडवी झाली आणि लगेच उठली. म्हणाली, 'ह्याच्यावर कोण कोण गेलं आसंल, देव जाणे.'
मी छतावर दोन बादल्या पाणी ओतायला लावलं. विक्की आत बसला होता. भिजला. गाडी नापास.

१६ नोव्हेंबर, रविवार
दुसरी गाडी. एका डॉक्टर जोडप्याने हौसेने करून घेतलेली. छत कोरडं, गंज नाही, आरसी स्वच्छ. मला संशय आला.
शकूने शेगडी पेटवून बघितली. डब्यांचा कप्पा उघडला, आपली पिशवी आत ठेवली आणि खिडकीपाशी बसून राहिली. म्हणाली, 'अहो, हीच घेऊ.' तिला गाडीतलं काय कळतं?
मी संडास तपासला. दार लावून बसून पाहिलं. गुडघे दाराला टेकतात, पण सोय उत्तम. बराच वेळ बसलो. विक्कीने दार वाजवलं. 'काका, बरं आहे ना?' घाईत तपासणी होत नाही, असं मी आतून सांगितलं.
मग ट्रायल. विक्की म्हणाला, हायवेला एक राऊंड मारू. मी म्हणालो, खरी परीक्षा आवारातच होते. माझं लायसन आहे. वापर झालेला नाही, त्यामुळे अगदी नवं आहे.
सवयीने रिव्हर्समध्येच निघालो. पुढे माल असला की दिसत नाही, म्हणून जाणता ऑपरेटर उलटाच चालवतो. प्रत्येक कोपऱ्यावर हॉर्न दिला. विक्की म्हणाला, 'काका, दापोलीपर्यंत असंच तोंड इकडे करून जाणार का?' मी लक्ष दिलं नाही. पण वळणावर गाडीने दगा दिला. फोर्कलिफ्टची मागची चाकं वळतात, हिची पुढची. गाडी सरळ जुन्या टायरांच्या ढिगात. एवढ्या किमतीच्या गाडीत मागची चाकं वळू नयेत?
नापास.
परतताना बस मोशीला थांबली. शकू म्हणाली, 'गाडी चांगली व्हती.'

१९ नोव्हेंबर
विक्कीचा फोन. गाडी तुमची करा, पहिल्या वेळी मी स्वतः चालवत दापोलीला सोडतो, पैसे नकोत, मावशींनी पाठवलेले लाडू पुरे.
शकूने लाडू कधी पाठवले?
नाही म्हणालो. परक्या माणसासमोर संसार कसा करायचा? शिवाय गाडीत संडासाला पडद्यासारखं पातळ दार. शकूने विचारलं, 'मग कोण चालवणार?' मी म्हणालो, मीच, पण योग्य गाडी मिळाल्यावर.

७ डिसेंबर
अजून तीन गाड्या पाहिल्या. एकीचा संडास रस्त्याच्या बाजूला उघडतो. एकीच्या इंजिनाचा आवाज फार. एकीत काही खोट सापडली नाही, पण रंग पिवळा.
डॉक्टरांची गाडी विकली गेली, असं विक्कीने कळवलं. बरं झालं, मोह टळला. शकूला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटतच राहिली. आज पोळ्या जरा जास्त झाल्या.

१९ डिसेंबर
शकूने उद्याची एसटीची तिकिटं काढली. दोन. वल्लभनगर डेपोत जाऊन कंडक्टरशी बोलून आली. म्हणाली, 'तुमी सांगाल तिथं गाडी थांबवतो म्हणला. लाजायचं काय त्यात? माझ्या बापालाबी व्हतं.'
म्हणजे आता सगळ्या डेपोला माहीत. मी स्पष्ट सांगितलं, असला काही त्रास मला नाही. शिवाय रविवारी भोसरीत एक गाडी बघायची आहे. मी येऊ शकत नाही.
ती म्हणाली, 'बरं. मी जाती.'

२० डिसेंबर, शनिवार
गेली. माझ्या सीटवर तिची पिशवी होती.

२२ डिसेंबर
फोन आला. शकू पाण्यात उभी राहिली. म्हणाली, गुडघ्यापर्यंत पाणी, पण गुडघा दुखलाच नाही. 'पाण्यात आपलं वजनच नसतंय हो.' मग फोन समुद्राकडे धरला. नुसती खरखर. म्हणाली, 'या की. एकदा संगं उभं राहू.'
भोसरीची गाडी नापास. शेगडी डावीकडे.

२७ डिसेंबर
निर्णय घेतला. उद्या एसटीने जाणार. रात्रीपासून पाणी पिणं बंद. शकूला कळवलं. तिने दोनदा विचारलं, 'नक्की ना?'

२८ डिसेंबर, रविवार
सकाळी ७. बसलो. गाडी सुटली.

८.३०. घरी. वाकडला पुलाखाली जरा थांबवायला सांगितलं. कंडक्टर चांगला, म्हणाला, 'सावकाश या बाबा.' टपरीच्या मागे गेलो. काम झालं. मग ताम्हिणी घाट आठवला, तिथे गाडी थांबवायला जागा नाही. कंडक्टरने दोनदा हाक मारली. मी टपरीच्या मागेच होतो. बस गेली. जरा कळ काढायला हवी होती त्यांनी.

१०. शकूचा फोन. 'कुठवर आलात?' घाटात, असं सांगितलं. 'थांबली ना गाडी?' मी म्हणालो, थांबली.

१२.३०. पुन्हा फोन. माणगाव म्हणालो. इंदुताई मागून ओरडल्या, भावोजींना विचार, सुरमई चालंल का. चालेल म्हणालो.

३. शकूचा फोन. त्या दोघी रिक्षा करून दापोलीच्या स्टँडवर आल्यात. गाडी लागली. सगळे उतरले. 'तुमी कुठल्या सीटवर?'
मागच्या, असं म्हणालो.
'बसून राहा, पायऱ्या उंच आहेत. पिशवी घ्यायला मीच वर येती.'
मी नको म्हणेपर्यंत ती चढायला लागली. एक पायरी. थांबली. दम घेतला. दुसरी. मग कुणीतरी विचारलं, 'मावशी, कुणाला बघताय? गाडी रिकामी आहे.'
फोन कट झाला. रेंज गेली असावी.