आधी समोरच्याचं म्हणणं

प्रिय ताई,

तुला आणि दाजींना नमस्कार.

मी बरा आहे. खोली उबदार आहे, जेवण पोटभर मिळतं. खोकला जवळजवळ गेला, आईला मात्र 'गेला' असंच सांग.

तुझं पत्र सोमवारी आलं. आदल्याच आठवड्यात आमच्या वर्गात वाद झाला होता. जुने ग्रीक तत्त्वज्ञ म्हणायचे, जो परिपूर्ण आहे त्याला कशानेच धक्का लागत नाही. आपल्या सुरुवातीच्या ख्रिस्ती धर्मपंडितांनी ते बरंचसं उचललं आणि देवाला दुःख होत नाही असं ठरवलं. ती बाजू माझ्याकडे होती. मी जिंकलो. नको तितका खूश झालो गं.

इथे वादाचा एक नियम आहे. समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या तोंडाने मांडायचं. तो 'हो, हेच म्हणायचंय' म्हणाला, की मगच उत्तर द्यायचं.

तू विचारलंस, बाळ गेलं तेव्हा देवाला काही वाटलं असेल का? मी पत्र सरांना दाखवलं. चाळीस वर्षं ते हाच विषय शिकवतात. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.

तू जेवतेस ना? दाजी कामावर जायला लागले का? पाळणा आवरायची घाई करू नकोस.

जिंकलेलं भाषण मी फाडून टाकलं. आता रोज सकाळी प्रार्थनेला बसलो की तुझा प्रश्न देवापुढे मांडतो, तुझ्याच शब्दांत. एवढंच कळव ताई, तुझं म्हणणं मी बरोबर मांडतोय ना?

तुझ्याजवळ असायला हवा होता तो,
तुझा धाकटा